चांद्याच्या शेजारचा ब्राझील

आमच्या चिमीच्या दहावीच्या भूगोलात दोनच देश आहेत, भारत आणि ब्राझील. बाकीचं जग वर्षभर सुटीवर. त्यामुळे ठाकूरदेवाच्या यात्रेसाठी ती एटापल्लीला आली तेव्हा तिच्या तोंडी सारखी ब्रासिलिया. आबा, ते शहर नकाशात विमानासारखं दिसतं. आबा, अख्खी राजधानी चार वर्षांत उभी केली, १९५६ ते १९६०. लुसिओ कोस्तानं शहर आखलं, ऑस्कर नीमायरनं इमारती काढल्या आणि २१ एप्रिल १९६० ला उद्घाटन झालं. तिथलं तळंसुद्धा माणसानं केलेलं, पारानोआ त्याचं नाव. एवढं सगळं सांगून झालं की मोठा सुस्कारा. "आजी, दक्षिण अमेरिकेतली राजधानी मी कधी पाहीन वं?"

आजी चुलीपाशी होती. म्हणाली, "तुया आबाले सांग. त्यायले कुठूनबी कुठं नेता येते."

तर नेली. एसटीच्या लाल डब्यातून नेली, पासपोर्ट लागला नाही. ज्या पोट्ट्यांना बरोबर यायचं त्यांनी यावं. एवढंच की आधी राजधानीच्या वेशी आणि मग तिची जमीन असं मला जमत नाही. जन्मभर मास्तरकी केली, पायापासून सुरुवात करायची खोड गेली नाही. म्हणून सुरजागडापासून निघू.

सुरजागड एटापल्ली तालुक्यातला डोंगर. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात इथं ठाकूरदेवाची यात्रा भरते. सुरजागड इलाख्यातल्या सत्तर गावांचे माडिया लोक येतात, ढोल घुमतात, रेला नाच रंगतो. डोंगराच्या दुसऱ्या अंगाला लोहखनिजाची खाण. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तिथल्या सत्तरच्या वर गाड्या जाळल्या, २०२१ पासून काम जोरात सुरू झालं, आणि आता आलापल्लीच्या रस्त्यानं चालायचं म्हणजे ट्रकांच्या रांगेतून वाट काढायची. रस्त्याकडेचं सागाचं पान मूळचं हिरवं होतं, हे पावसाळ्यातच पटतं. खाण हवी की नको यावर इथं घरागणिक दोन मतं आहेत, एका चुलीवर जेवणाऱ्यांचीही. त्यात मी आज शिरत नाही. शिरलो की गाडी सुटेल.

डोंगरावरचा दगड उचलायचा नाही, तो देवाचा, असा माझा घरचा नियम. नाल्यात वाहून आलेला चालतो. चिमीनं तसा एक मुठीएवढा निवडला. हातात घेताच तिचा हात खाली गेला. एवढ्याशा दगडाला एवढं वजन असेल असं वाटत नाही. पाण्यात धुतला तेव्हा त्यावर पट्टे दिसले. एक पोलादासारखा काळा, एक गेरूच्या रंगाचा, पुन्हा काळा, पुन्हा लाल. कुठे बोटाएवढा जाड, कुठे वहीच्या पानाएवढा बारीक. खाणीवरचे लोक याला बीएचक्यू म्हणतात. काळा पट्टा हेमटाइटचा, म्हणजे लोखंड आणि प्राणवायू यांच्या संयुगाचा. लाल पट्टा गारगोटीच्या जातीचा, त्यात लोखंडाचा गंज मुरलेला.

घरी नवी न्हाणी बांधताना उरलेली पांढरी टाइल होती. तिच्या मागच्या खरबरीत बाजूवर मी चिमीला काळा पट्टा घासायला सांगितला. काळ्या दगडाची रेघ उमटली चक्क लाल.

"आबा, रक्तासारखी!"

"दोन्हीकडे लोखंडच आहे, बाई."

आता हे लोखंड इथं आलं कसं, ते ऐका. दोन-अडीच अब्ज वर्षांपलीकडची गोष्ट. तेव्हा झाड नव्हतं, मासा नव्हता, गवताची काडी नव्हती. हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हताच. आणि लोखंडाचा एक गुण आहे. प्राणवायू नसेल तर ते पाण्यात विरघळून राहतं, डोळ्यांना दिसतही नाही. प्राणवायू भेटला की गंजतं, आणि गंज काही विरघळत नाही, तो तळाशी बसतो. खोटं वाटत असेल तर आमच्याकडच्या हापशीचं पाणी बादलीत भरून ठेवा. भरताना कसं नितळ असतं. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यावर पिवळट तवंग आणि बुडाशी तांबूस गाळ. जमिनीखाली हवेशी गाठ न पडलेलं लोखंड बादलीत आल्यावर गंजलं, बाकी काही झालं नाही. भात शिजवला की तोही जरा पिवळा होतो, आणि त्यावरून आमच्या घरात रोज एकदा तरी बोलणं होतं.

त्या जुन्या समुद्रात जगभर असंच विरघळलेलं लोखंड होतं. मग उन्हावर जगणारे सूक्ष्मजीव आले. आपल्या तळ्याकाठी जो हिरवा-निळा शेवाळी थर असतो ना, त्यातल्या जिवांचे खापरपणजोबा. ते ऊन खात आणि प्राणवायू सोडत. प्राणवायू पाण्यातल्या लोखंडाला भेटला, लोखंड गंजलं, तळाशी बसलं. मग काही काळ लोखंड कमी पडे, तेव्हा गारगोटीच्या जातीचा बारीक गाळ बसे. पुन्हा लोखंड, पुन्हा गार. हजारो, लाखो थर. ते दबले, घडीवर घडी पडून वर आले, डोंगर झाले. नंतर युगानुयुगं पाऊस त्यांच्यातून झिरपत राहिला, त्यानं गारेचा भाग हळूहळू धुऊन नेला, आणि मागे उरलं ते श्रीमंत खनिज. खाणीला तेच हवं असतं. समुद्रातलं लोखंड बहुतेक संपलं तेव्हा कुठे प्राणवायू हवेत साठायला लागला, आणि पुढे तुमच्या-आमच्या नाकापर्यंत आला.

इथं ब्राझील पहिल्यांदा भेटतो. त्याच्या मिनास जेराइस राज्यात आणि उत्तरेच्या काराजासमध्ये असेच पट्ट्यांचे डोंगर आहेत. काराजासचा शोध मोठा गमतीचा. १९६७ साली काही भूवैज्ञानिक हेलिकॉप्टरनं ॲमेझॉनच्या घनदाट अरण्यावरून चालले होते. इंधन भरायला उतरायचं होतं. खाली सगळी झाडंच झाडं, आणि मधेच एका टेकाडाच्या माथ्यावर उघडी जागा. तिथं उतरले. झाडं का नाहीत म्हणून खाली पाहिलं तर पायाखाली सगळं लोखंड! त्या कठीण पापुद्र्यात मोठं झाड मूळ धरू शकत नव्हतं. जगातल्या सर्वांत मोठ्या लोहसाठ्यांपैकी एक असा सापडला. आणि चिमीची ब्रासिलिया बांधली जात होती तेव्हा तिथं आलेले लोक एकच तक्रार करत, लाल धुळीची. तिथल्या मातीलाही लोखंडाच्या गंजाचाच रंग आहे. चिमीनं हे ऐकलं आणि आपल्या चपलांकडे पाहिलं.

आता एसटी. आलापल्ली, आष्टी, मग वैनगंगेचा पूल. इथून थोडं खाली गेलं की चपराळ्याजवळ वर्धा येऊन वैनगंगेला मिळते आणि दोघींची प्राणहिता होते. पुढे गोंडपिपरी आणि मग बल्लारपूर. बल्लारपूर हीसुद्धा गोंडराजांची राजधानीच, चांद्याच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरच्या, आधीची. वर्धेच्या काठावरचा किल्ला अजून उभा आहे. आम्ही तो गाडीच्या खिडकीतूनच पाहिला म्हणायचा, कारण कागद कारखान्याच्या वासानं चिमीनं नाक दाबून घेतलं होतं आणि डोळेही मिटले होते.

ब्रासिलिया लुसिओ कोस्तानं आखली. चांदा आखला एका सशानं.

म्हणजे गोष्ट अशी सांगतात. पंधराव्या शतकातला राजा खांडक्या बल्लाळशहा. अंगभर गळवं, औषध चालेना. एकदा शिकारीला निघाला, तहान लागली. झरपट नदी कोरडी होती, पण पात्रात एका खळग्यात पाणी दिसलं. प्यायला, तोंड धुतलं, आणि त्या रात्री कितीतरी दिवसांनी गाढ झोपला. सकाळी गळवं गेलेली. त्या जागी अचलेश्वराचं देऊळ झालं. पुढे त्याच रानात राजाला एक नवल दिसलं. एक ससा उलटून राजाच्या कुत्र्याच्याच मागे लागला होता. सशाच्या कपाळावर पांढरा ठिपका. राणीनं सांगितलं, ससा ज्या वाटेनं धावला त्या वाटेवरून कोट बांधा. कोट बांधायला पिढ्या गेल्या, पण झाला. चार मोठ्या वेशी, उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा, आणि मधे मधे खिडक्या. एका खिडकीचं नाव चोर खिडकी, एकीचं मसण खिडकी. शहराला काय काय आत-बाहेर न्यावं लागतं ते या दोन नावांतच आलं.

सशाचं तुम्ही तुमचं ठरवा. पण कोरड्या नदीतलं पाणी मात्र मी शपथेवर सांगतो. आमच्या गडचिरोलीत उन्हाळ्यात नदी आटली की बाया वाळूत हातभर खड्डा करतात, त्याला झिरा म्हणतात. नदी वरून आटते, वाळूच्या पोटातून वाहतच असते. वाळूच्या कणाकणांमधून गाळून येतं म्हणून ते पाणी थंड आणि नितळ. आधी गढूळ येतं, ते उपसून टाकायचं, मग वाट पाहायची. बल्लाळशहाच्या खळग्यातही असंच काही पाणी असेल. गळवांचं मला कळत नाही, मी डॉक्टर नाही.

जटपुरा वेशीपाशी आम्ही दुपारी पोचलो. रिक्षा, हातगाड्या, शाळेच्या पोट्ट्यांच्या सायकली, सगळं त्या एका दरवाजातून जातं. वर पाहा म्हटलं. दगडात कोरलेला सिंह, त्याच्या पायाखाली हत्ती. गोंडराजांचं चिन्ह. १७५१ मध्ये राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, पुढे इंग्रज आले, १८५८ च्या २१ ऑक्टोबरला इंग्रजांशी लढलेल्या बाबूराव शेडमाक्यांना याच चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली, १९६० च्या दशकात चांद्याचा चंद्रपूर झाला. सिंह हत्तीवरून उतरला नाही.

मग मी चिमीला कोटाला हात लावायला सांगितला. नुसता लावू नको, तळवा फिरव. खरखरीत लागतो, आणि घासला तर बोटांना वाळूचे कण चिकटतात. हा वालुकाश्म. पिवळट, मधे मधे गंजाच्या तांबड्या शिरा. काही दगडांत तिरक्या रेघा दिसतात, एकावर एक कललेल्या. त्या कोणी कोरलेल्या नाहीत. वाहत्या पाण्यानं वाळू पुढे ढकलत नेली की ती उतारावर थरानं घसरते, तो उतार रेघ होऊन राहतो. रेघ ज्या बाजूला कलते त्या बाजूला पाणी वाहत होतं. सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या नदीची दिशा पाचशे वर्षांच्या भिंतीत बघायला मिळते. आता दगड खाणीतून काढून, फिरवून, कुठेही बसवलाय, त्यामुळे एक नदी पूर्वेला आणि शेजारची सरळ आभाळात चाललेली दिसते, ती गोष्ट वेगळी.

अचलेश्वर वेशीजवळ राणी हिराईनं नवऱ्यासाठी, वीरशहासाठी, बांधलेली समाधी आहे. जवळच महाकाली. चैत्रात मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, यात्रेकरूंचे जथ्थे येतात तेव्हा झरपटेच्या काठी पाय ठेवायला जागा नसते. आम्ही आडदिवशी गेलो म्हणून दर्शन झटपट झालं. रामाळा तलावावर चिमीनं शेंगदाणे खाल्ले आणि पारानोआ याहून मोठा आहे असं जाहीर केलं. असेल. यात कमळं होती, त्यात असतील का?

लालपेठेत मात्र ती गप्प झाली. तिथं उघड्यावर अवाढव्य मूर्ती पडल्या आहेत, अर्ध्यामुर्ध्या घडवलेल्या. एक दहा तोंडांची, आडवी. लोक तिला रावण म्हणतात, खरी ती दशमुखी दुर्गा. रायप्पा नावाच्या कोमट्यानं मोठं देऊळ बांधायचं मनात धरून त्या घडवायला घेतल्या आणि काम अर्धवट राहिलं, असं सांगतात. देऊळ झालंच नाही, मूर्ती होत्या तिथंच राहिल्या. चिमी आडव्या देवीच्या बाजूनं चालत गेली, पावलं मोजली, आणि म्हणाली, "आबा, ही उभी राहिली तर?"

उभी राहिली तर तिला कोळशाच्या खाणी दिसतील. लालपेठ, महाकाली, ही इथल्या देवांची आणि मोहल्ल्यांची नावं तशीच खाणींचीही. चंद्रपूर कोळशावर बसलंय. वरोऱ्याला १८७० च्या दशकापासून खाण होती, पुढे बल्लारपूर, घुग्घुस आणि बाकीच्या झाल्या. ऊर्जानगरच्या महाऔष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात ना, २९२० मेगावॉटचं केंद्र ते. आज रात्री मुंबईत कुणाच्या डोक्यावर पंखा फिरेल तो कदाचित या कोळशावर.

आपण आता वरून खाली उतरतो आहोत हे ध्यानात ठेवा. कोटाचा वालुकाश्म वर. त्याच्या खाली कोळसा. म्हणजे कोळसा आणखी जुना, सत्तावीस-अठ्ठावीस कोटी वर्षांच्या आसपासचा. डायनासोर यायला अजून कोट्यवधी वर्षं होती. कोळशाच्या थरांमध्ये पाटीसारखा करडा दगड असतो, तो पाती पाती सुटतो, आणि नशीब असेल तर पातीवर पान छापलेलं दिसतं. लांबट, जिभेच्या आकाराचं, मधोमध जाड शीर, तिच्या दोन्ही अंगांना जाळीसारख्या बारीक शिरा. ग्लोसोप्टेरिस. या झाडाला पानगळ होती, खोडात वर्षावर्षाची वलयं होती, म्हणजे हिवाळा होता आणि चांगला कडक होता. दलदलीत ही झाडं उगवली, पानांचे आणि खोडांचे ढीग साचले, हवा लागली नाही म्हणून कुजले नाहीत, वर गाळ बसला, दाबले गेले, तापले, कोळसा झाला.

आता नवल ऐका. हेच पान ब्राझीलच्या दक्षिणेकडच्या कोळशात सापडतं. आफ्रिकेत सापडतं, ऑस्ट्रेलियात सापडतं. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती उपाशी, गारठून मेले. त्यांच्या सामानात सुमारे सोळा किलो दगड सापडले. बाकीचं सामान टाकून दिलं, पण दगड ओढत आणले. त्या दगडांत ग्लोसोप्टेरिस होतं. अंटार्क्टिकात! जिथं आज गवत उगवायची मारामार.

"बी वाऱ्यानं गेलं असेल," चिमी म्हणाली.

मोठमोठ्या लोकांनीही बी कसं गेलं यावर डोकं खाजवलं. वाऱ्यानं एखादं बी जाईल. अख्खं जंगल समुद्रापार कसं जाईल? आणि जनावरं? प्राणहितेच्या पलीकडे, आता तेलंगणात, मालेरी गावाजवळच्या लाल मातीत हायपरोडापेडॉन नावाच्या जनावराची हाडं मिळतात. बुटकं, रुंद, पुढं पोपटासारखी वाकडी चोच आणि टाळूवर दातांच्या रांगाच रांगा, पाला रगडायला. सुमारे तेवीस कोटी वर्षांपूर्वीचं. याच वंशाची जनावरं ब्राझीलमध्ये आणि अर्जेंटिनात सापडली आहेत. त्याला पोहता येत असावं असं त्याच्या अंगलटीवरून तरी वाटत नाही.

मग उत्तर एकच उरतं, ते चालत गेलं. मधे समुद्र नव्हताच.

१८७२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हेन्री मेडलिकॉटनं मध्य भारतातल्या या कोळशाच्या आणि वाळूच्या थरांना नाव दिलं गोंडवाना, गोंडांच्या मुलखावरून. १८८५ मध्ये एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकानं पाहिलं की असेच थर, तेच पान, दक्षिणेकडच्या खंडांमध्ये सगळीकडे आहे. त्यानं त्या साऱ्या जुन्या भूमीला गोंडवानालँड म्हटलं. त्याला वाटलं मधली जमीन समुद्रात बुडाली. १९१२ मध्ये आल्फ्रेड वेगेनरनं सांगितलं, बुडलं काही नाही, खंड सरकले. लोक त्याला हसले. १९६० च्या दशकात समुद्राच्या तळाचे नकाशे झाले, अटलांटिकच्या मधोमध नवी जमीन तयार होऊन दोन्हीकडे सरकताना दिसली, तेव्हा हसणं थांबलं. वेगेनर त्याआधीच ग्रीनलंडच्या बर्फात गेला होता.

तर गोंडवाना म्हणजे एक शहर असं समजा. पश्चिमेचा मोहल्ला दक्षिण अमेरिका, मधला आफ्रिका, त्याला लागून मादागास्कर, मग आपण, दक्षिणेला अंटार्क्टिका, पुढे ऑस्ट्रेलिया. ब्राझील आणि आपली भिंतीला भिंत नव्हती, मधे आफ्रिकेचं घर होतं, पण शहर एक. आणि त्या सगळ्या शहराला नाव गोंडांचं. ब्रासिलियाखालच्या जमिनीचं जुनं नाव चांद्याच्या राजांच्या लोकांवरून पडलंय, हे त्या दहावीच्या पुस्तकात ठळक अक्षरांत असायला हवं होतं, असं माझं आपलं मत. मोहल्ले सुटायला सुरुवात झाली सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी. दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका तेरा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास फाटू लागले. आपण मादागास्करला नऊएक कोटी वर्षांपूर्वी सोडलं आणि उत्तरेला असे सुसाट निघालो की पाच कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास आशियावर जाऊन आदळलो. हिमालय उठला तो त्यातून.

अजून एक पायरी खाली. कोळशाच्याही खाली.

चंद्रपूरच्या पश्चिमेला, पैनगंगेच्या बाजूला इरई नावाचं गाव आहे. नदीचंही नाव इरई, गावाचंही, गोंधळू नका. १८७० च्या दशकात फ्रान्सिस फेडन नावाचा सर्वेक्षणातला माणूस तिथं नदीकाठ पाहत फिरत होता. त्याला वेगळ्याच गाळाचा थर दिसला. हिरवट-करडा चिखल दगड झालेला, आणि त्यात गोटे. वाटाण्याएवढे, डोक्याएवढे, त्याहून मोठे, सगळे एकत्र, कसेही. नदी असं करत नाही. नदी निवडते, जड दगड आधी टाकते, वाळू पुढे नेते, गाळ शेवटी. इथं कुणी काही निवडलंच नव्हतं. काही गोट्यांची एक बाजू सपाट घासलेली. आणि त्या थराच्या खाली चुनखडक, आज सिमेंटचे कारखाने ज्यावर चालतात त्या जातीचा. थर जिथं निघाला होता तिथं चुनखडकाची पाठ गुळगुळीत होती आणि तिच्यावर लांब, सरळ, एकमेकींना समांतर चरे.

चरे गाडीच्या चाकांचे नव्हते, कारण ते गोट्यांच्या थराखाली जात होते. नांगराचे नव्हते. पाण्याचे नव्हते, पाणी दगड गुळगुळीत करतं, रेघा ओढत नाही. असे चरे एकच गोष्ट ओढते. शेकडो फूट जाडीचा बर्फ, पोटात दगड धरून, जमिनीवरून इंच इंच सरकणारा.

चंद्रपूर. जिथं मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांवर जातो, जिथं दुपारी कावळासुद्धा पंख पसरून सावलीत चोच उघडी टाकून बसतो. तिथं हिमनदी होती. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी हा सगळा मुलूख दक्षिण ध्रुवाच्या शेजारात होता आणि बर्फाखाली होता.

ब्राझीललाही असेच चरे आहेत. साओ पाउलो राज्यातल्या साल्तो गावात हिमनदीनं घासलेला खडक आहे, त्याच काळातला. तिथं त्याभोवती बाग केली आहे, पाटी लावली आहे, लोक फिरायला म्हणून जातात. आमच्याकडे अशी जागा गुराख्याला विचारत शोधावी लागते, आणि गुराखी आधी विचारतो, जमीन घेता काय?

चिमीनं इरईच्या खडकावर हात ठेवून चऱ्यांची दिशा पाहिली. मग तिला प्रश्न पडला, बर्फ गेला कुठं? वितळला. सारा गोंडवाना ध्रुवापासून हळूहळू सरकत गेला, हवा उबदार झाली. बर्फानं ओरबाडलेल्या खळग्यांत पाणी साचलं, दलदली झाल्या, त्यांत ग्लोसोप्टेरिस उगवलं, त्याचा कोळसा झाला. त्यावर नद्यांनी वाळू पसरली, तिचा कोटाचा दगड झाला. त्या दगडाचा चांदा झाला.

"आणि वाळूच्या वर?"

वाळूच्या वरचं पाहायला दक्षिणेला, सिरोंच्याला जावं लागतं. वडधमला अश्म झालेली झाडांची खोडं आहेत, आडवी, साल ओळखू यावी इतकी स्पष्ट. आणि पोचमपल्लीजवळ १९६१ साली, गडचिरोली जिल्हा व्हायला एकवीस वर्षं होती तेव्हा, चांदा जिल्ह्याच्या त्या टोकाला मोठं घबाड सापडलं. सुमारे ३०० हाडं, किमान सहा जनावरांची, लांब मानेचे पालाखाऊ डायनासोर, एकेक चौदा मीटरच्या आसपास. डोकं मात्र एकाचंही मिळालं नाही. ते टागोरांचं शताब्दी वर्ष होतं, म्हणून जनावराचं नाव ठेवलं बारापासॉरस टागोराय. हाडं कोलकात्याला भारतीय सांख्यिकी संस्थेत गेली, तिथं सांगाडा उभा आहे.

"म्हणजे हाडं आपली आणि नाव टागोरांचं?"

"टागोरांनी मागितलं नव्हतं, बाई."

चिमी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "आबा, कोलकाता पण राजधानी होती नं, १९११ पर्यंत?"